दोन पारगावे, एक भोपळा आणि एक भोपळी मिरची

पारगावचे तिकीट मागितले की एस.टी.चा कंडक्टर यंत्राला हात घालण्याआधी हमखास विचारतो, "कोणतं पारगाव?" प्रश्न रास्त आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात पारगावांना तोटा नाही. दौंड तालुक्यात एक पारगाव आहे, पुरंदरात पारगाव मेमाणे आहे. उत्तरेला जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे मढ आणि पारगाव तर्फे आळे अशी दोन, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. 'तर्फ' म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट. तर्फा गेल्या, तहसील कचेऱ्या आल्या, पण नावामागचे हे शेपूट अजून टिकून आहे. त्यावाचून लग्नाचा पाहुणा भलत्याच मांडवात जाऊन बसायचा!

माझ्या मावसबहिणीने या घोटाळ्यात आपली भर घातली. ती स्वतः नांदते आळे तर्फेच्या पारगावात, आणि लेक दिली अवसरी तर्फेच्या पारगावात. पारगावची लेक पारगावला! त्या लेकीला सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरले आणि "ताई, तू आदल्या दिवशीच ये, आपण मिळून जाऊ," असा निरोप आला. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. दोन दिवसांत मी दोन्ही पारगावे पाहून आले. गेले होते ओटी भरायला; परत आले ती दोन भाज्यांचा हिशोब घेऊन. हा हिशोब घरोघरच्या आयाबायांच्या उपयोगाचा आहे, म्हणून इथे मांडते.

पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याला उतरायचे, नगरच्या रस्त्याने बेल्हे गाठायचे आणि तिथून दक्षिणेला जेजुरीकडे जाणारा रस्ता धरायचा. वाटेवरचे आळे म्हणजे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याच्या समाधीचे गाव. बेल्हे बैलबाजारासाठी नावाजलेले. हा सारा पूर्वेकडचा पट्टा एके काळी पावसाच्या भरवशावरचा. बाजरी, मटकी, हुलगा पेरायचा आणि आभाळाकडे बघत बसायचे. पुढे कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली. पाटाचे पाणी आले आणि शिवाराचा रंगच पालटला. आता बाजरीच्या शेजारी ऊस, कांदा, टोमॅटो आणि जाळीखालची भाजी दिसते.

मावसबहिणीचे वीस गुंठे ढोबळी मिरचीचे होते. वर शेडनेट, खाली गादीवाफे, वाफ्यांवर चंदेरी कागद आणि कागदाखाली ठिबकच्या नळ्या. प्रत्येक रोप सुतळीने वर बांधलेले. पहाटे सहाला बायका आत शिरल्या आणि देठासकट मिरच्या खुडू लागल्या. देठ मोडला की माल लवकर सडतो, म्हणून हात जपून चालत होते. नऊच्या सुमारास निवड सुरू झाली. चार उंचवट्यांची, जड, तुकतुकीत मिरची एक नंबर. थोडी वाकडी, बारकी ती दोन नंबर. उन्हाचा डाग पडलेली, चिरलेली ती बदला. कॅरेट भरली आणि टेम्पोची वाट पाहात ओळीने मांडून ठेवली.

दुपारी जेवायला बसलो. ताटात बाजरीची भाकरी, बटाट्याचा रस्सा आणि लसणाची चटणी. जेवण चवदार होते, पण मला राहवले नाही. म्हटले, "अगं, दारात एवढी कॅरेट भरलीत, आणि ताटात एक फोड नाही?"

"ती विकायची गं," ती म्हणाली. "घरात कोण खातंय? पोरं म्हणतात तिखट नाही, चव नाही. आणि यांना तर औषधा-खताचा खर्च आठवतो, घास उतरत नाही."

बोलण्यात खोटे काही नव्हते. पण संध्याकाळी जाळीत पुन्हा फेरी मारली तेव्हा ओळीच्या टोकाला, पानांआड, सात-आठ मिरच्या पिकून लालभडक झालेल्या दिसल्या. खुडायच्या राहून गेलेल्या. व्यापाऱ्याला हिरवा माल हवा, म्हणून या लाल मिरच्या शेळ्यांच्या पुढे जायच्या होत्या. मी त्या मागून घेतल्या. "काय करतेस त्यांचं?" असे तिने विचारले. मी म्हटले, "तुझ्या लेकीला नेते." तिला हसू आले. कारण तिने लेकीसाठी एक नंबरची हिरवीगार मिरची केव्हाच पिशवीत भरून ठेवली होती.

या भाजीची नावेही गमतीची आहेत. आपल्याकडे ढोबळी मिरची म्हणतात, कुणी सिमला मिरची म्हणते. मुंबईकडे तिलाच भोपळी मिरची म्हणतात, म्हणजे भोपळ्यासारखी मिरची! आणि खरोखर, छोट्या डांगरासारख्या तिच्या अंगाला फुगीर कळ्या असतात. पण साम्य तिथेच संपते. मिरचीचे कूळ वांगे, टोमॅटो, बटाटा यांचे. भोपळ्याचे कूळ काकडी, दोडका, कारले, कलिंगड यांचे. मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे जाळीच्या आत, मधमाशीवाचूनही फळ धरते. भोपळ्याचे नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. मधमाशीने इकडचा पराग तिकडे नेला तरच भोपळा.

दोघांची जन्मभूमी मात्र एकच, अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या एका गुहेत भोपळ्याच्या कुळातल्या लावणीच्या बिया सापडल्या आहेत, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. मिरचीही त्याच मुलखातली. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर, सोळाव्या शतकात, मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा या देशात ना हिरवी मिरची होती ना ढोबळी, आणि तांबडा भोपळाही नव्हता. भोपळा हा शब्द होता, पण तो दुधीचा आणि वीणेच्या तुंब्याचा. वारकऱ्याच्या खांद्यावरच्या वीणेचा भोपळा आपला जुना. भाजीतले डांगर पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच बेल्हे-जेजुरी रस्त्याने दक्षिणेला निघालो. कुकडीचे खोरे मागे पडते आणि घोड नदीचे खोरे लागते, तसा ऊस दाट होत जातो. आंबेगावच्या पारगावाला दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गळिताचा हंगाम तोंडावर आला होता आणि ऊसतोड मजुरांच्या खोपी पडू लागल्या होत्या. उसाबरोबर बिबट्याही आला आहे. दिवेलागणीनंतर पोरांना कुणी एकटे बाहेर सोडत नाही, आणि बायका रानात जायच्या तर चौघी मिळून जातात. परसातल्या भाजीचे मोल अशा गावात आणखी वाढते, एवढे ध्यानात ठेवावे.

लेकीच्या सासरचे घर जुने, दगडी जोत्याचे. मागे गोठा, गोठ्याजवळ उकिरडा आणि उकिरड्यावरून निघून थेट गोठ्याच्या पत्र्यावर चढलेला डांगराचा वेल. आपल्या बाजूला तांबड्या भोपळ्याला डांगर म्हणतात, कुठे काशीफळ म्हणतात, विदर्भ-खानदेशाकडे गंगाफळ. पत्र्यावर सहा-सात डांगरे बसली होती, एकेक चार-पाच किलोचे. वेलाची मालकीण म्हणजे लेकीची आजेसासू. वय ऐंशीच्या घरात, कंबर वाकलेली, पण सकाळी वेलाजवळ गेल्याशिवाय चहा घेत नाहीत.

"ये बाय, बघ," असे म्हणून त्यांनी मला वेल दाखवला. "हे लांब देठाचं, सडपातळ, ते नराचं फूल. ह्या फुलाखाली बघ, सुपारीएवढं डांगर आधीच हाय, ते मादीचं. फूल पहाटं उमलतं आणि दुपारपातूर मिटतं. माशी आली तर सकाळच्यालाच. आमचा ह्यो म्हणतो फवारतो, मी म्हणलं, फवारायचं तर दिस बुडताना फवार, सकाळी माझी माशी मारू नको."

कृषी विद्यापीठाचा पदवीधर याहून वेगळे काय सांगेल? माश्या कमी असतील तर नरफूल खुडून त्याचा पराग सकाळीच मादीफुलाला लावावा, तेही त्या करत होत्या. उरलेल्या नरफुलांची भजी. कोवळ्या शेंड्यांची आणि पानांची भाजी. डांगर कापले की बिया राखेत घोळून वाळवायच्या. काही पुढच्या पावसाळ्याला, काही भाजून पोरांच्या हातावर.

ओटी भरून झाली. गप्पांत लेकीच्या प्रकृतीचा विषय निघाला. उपकेंद्रात रक्त तपासले होते, हिमोग्लोबिन नऊच्या घरात आले होते. गर्भारपणी ते अकराच्या खाली असू नये. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण पोटात ढवळते म्हणून पोरगी एक दिवस घेई, दोन दिवस चुकवी. आणि मग दोन्ही घरांत वाद जुंपला.

मावसबहिणीने पिशवी उघडून मिरच्या पुढे ठेवल्या. "शहरातले डॉक्टर हीच खायला सांगतात. डांगर कसलं खायचं? दुष्काळातलं, गरिबाचं खाणं ते."

आजेसासूबाई काही कमी नव्हत्या. त्यांनी एक मिरची उचलून कानाजवळ हलवली आणि म्हणाल्या, "आत काय हाय? वारा! माझं डांगर आतून तांबडं हाय. तांबडं खाल्लं की तांबडं रक्त हुतं."

पोरगी बिचारी एकदा आईकडे बघे, एकदा आजेसासूकडे. मला मध्ये पडावे लागले. मी सांगितले ते थोडक्यात असे.

रक्ताच्या बाबतीत दोघीही चुकत होत्या. डांगराचा तांबडा-केशरी रंग लोहाचा नाही, तो कॅरोटीनचा आहे. कच्च्या डांगराच्या १०० ग्रॅममध्ये लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. ढोबळी मिरचीत तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. नुसत्या या भाज्यांनी रक्त भरणार नाही. तरीही दोन्ही भाज्या त्या पोरीच्या ताटात हव्यात, आणि प्रत्येकीचे कारण वेगळे आहे.

आधी डांगर घेऊ. १०० ग्रॅममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी, २६ उष्मांक, साडेसहा ग्रॅम पिष्ट आणि साखर मिळून, आणि पोटॅशियम ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. गोड लागते म्हणून त्यात साखर फार, असा समज आहे. बटाट्यात पिष्ट याच्या दुपटीहून जास्त असते. डांगराचे खरे धन म्हणजे कॅरोटीन. त्याचे शरीरात 'अ' जीवनसत्त्व होते, आणि १०० ग्रॅम डांगरातून असे ४०० मायक्रोग्रॅमच्या वर मिळू शकते. गर जितका गडद केशरी, तितके ते जास्त. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की दिवेलागणीला दिसेनासे होते, त्यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. ते फारच कमी पडले की लहान मुलांचे डोळे कायमचे जातात. शिवाय कॅरोटीन शिजवल्याने फारसे नासत नाही. उलट शिजवून, तेल-तुपाच्या फोडणीबरोबर खाल्ले तर अंगी अधिक लागते. म्हणजे आजीच्या हातची फोडणीची भाजी आणि तुपातले घारगे हे शास्त्रालाही मान्य! मात्र गर्भारपणी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. भाजीतल्या कॅरोटीनला ती भीती नाही.

आता ढोबळी मिरची. हिच्यात पाणी ९४ ग्रॅम, उष्मांक अवघे २०, तंतू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कच्च्या डांगराच्या तिपटीने. पोटॅशियम डांगराच्या निम्मे. 'अ' जीवनसत्त्व हिरव्या मिरचीत नाममात्र. आत वारा आहे हे आजेसासूबाईंचे म्हणणे वजनाच्या दृष्टीने खरे आहे. पण 'क' जीवनसत्त्वात हिची बरोबरी करणाऱ्या भाज्या थोड्या. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत सुमारे ८० मिलिग्रॅम, तर डांगरात जेमतेम ९. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम 'क' लागते, गर्भारपणी ८०. एक मोठी मिरची खाल्ली की दिवसाची गरज भागली.

'क' जीवनसत्त्वाची आणि मिरचीची सोयरीक जुनी आहे. हंगेरी देशात सेगेद नावाचे गाव मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे सेंट-ग्योर्गी नावाचे शास्त्रज्ञ हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर कशातून काढावे या विवंचनेत होते. ते सांगत की १९३२ च्या सुमारास एका रात्री बायकोने जेवायला ताजी मिरची वाढली. खायची इच्छा नव्हती, म्हणून ती उचलून ते प्रयोगशाळेत गेले आणि पाहतात तो 'क' जीवनसत्त्वाचा खजिनाच. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताटातली भाजी टाकून उठलेल्या नवऱ्याला एवढे मोठे बक्षीस मिळाल्याचे उदाहरण दुसरे नसावे!

शेळ्यांपुढे जाणाऱ्या त्या लाल मिरच्या मी का आणल्या, तेही मग सांगितले. हिरवी आणि लाल ही एकाच झाडाची मिरची. हिरवी अपक्व, लाल पिकलेली. पिकताना तिच्यातले 'क' जीवनसत्त्व दीडपटीवर जाते आणि 'अ' आठपटींच्या घरात वाढते. आपण शेळ्यांना घालतो तो माल सगळ्यांत कसदार. शहरात हाच रंगीत माल चढ्या भावाने विकतात.

आता रक्ताचे. त्या पोरीला लोह मिळणार ते गोळीतून आणि भाकरीतून. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते, मटकी-हुलग्यातही भरपूर असते. पण धान्य-कडधान्यातले लोह शरीर सहजी उचलत नाही, बरेचसे तसेच बाहेर पडते. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व गेले तर ते लोह अधिक शोषले जाते. म्हणजे बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि बाजूला कच्च्या ढोबळीच्या चार फोडी, वर लिंबू. कच्च्या अशासाठी, की 'क' जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्याने बरेच जाते. म्हणून ऐनवेळी चिरावी आणि चिरून पाण्यात टाकू नये. भाजीच करायची तर पीठ पेरून झटपट परतावी, रटरटा शिजवू नये. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाची वाट अडवतो. तास-दीड तास थांबावे.

गोळीच्या जागी मात्र भाजी चालत नाही, हे मी पोरीला बजावून सांगितले. ढवळत असेल तर जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी, तरीही जमेना तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे, पण आपल्या मनाने बंद करू नये. ही एका घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५४ जणींना रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. पाटाचे पाणी वाढले, भाजीचे मळे वाढले, तरी बायकांचे रक्त वाढले नाही. मावसबहिणीच्या घरी दारात भरलेली कॅरेट आणि ताटातला बटाटा पाहिल्यावर याचे एक कारण तरी मला उमगले. आपण पिकवतो बाजारासाठी आणि जेवतो जे उरेल ते.

म्हणून विकायच्या मालातून घरचा वाटा आधी काढावा. एक नंबर नको. दोन नंबरची वाकडी, बारकी मिरची गुणाला तितकीच चांगली असते. फवारणीची काळजी मात्र घ्यावी. औषधाच्या वेष्टनावर फवारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. तो नियम शहरातल्या गिऱ्हाइकासाठी पाळायचा आणि घरच्या पोरांसाठीही. त्याहून बरे म्हणजे परसात किंवा जुन्या डब्यांत ढोबळीची चार रोपे घरच्यासाठी वेगळी ठेवावीत आणि त्यांना महागडी औषधे दाखवूच नयेत.

डांगराला तर तेवढेही नको. पावसाळ्याच्या तोंडाला उकिरड्याजवळ किंवा बांधाला हातभर रुंद आळे करायचे, शेणखत घालायचे, तीन-चार बिया टोकायच्या आणि दोन जोमदार वेल राखायचे. साडेतीन-चार महिन्यांत फळ पक्व होते. देठ वाळून खडखडीत झाला आणि साल नखाने दबेना की काढावे, बोटभर देठ ठेवूनच. असे डांगर हवेशीर कोपऱ्यात दोन-तीन महिने सहज टिकते. ढोबळी घरात आठवड्यात सुरकुतते. डांगराच्या सोललेल्या मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, बियांत सुमारे नऊ ग्रॅम प्रथिने आणि अडीच मिलिग्रॅम लोह असते. गराने नाही तरी बियांनी आजेसासूबाईंची बाजू थोडी राखली म्हणायची! एक सावधगिरी सांगते: भोपळ्याच्या कुळातले कोणतेही फळ, दुधी असो वा डांगर, कडू लागले तर थुंकून टाकावे आणि भाजी फेकून द्यावी. तो कडूपणा विषारी असतो.

रानाच्या दृष्टीनेही दोघांचे पटते. आपल्याकडे नारायणगावच्या बाजूला टोमॅटो आणि सातगाव पठारावर बटाटा. ही दोन्ही पिके ढोबळीच्याच कुळातली. त्याच रानात टोमॅटोमागे ढोबळी, ढोबळीमागे बटाटा असे केले की मर आणि विषाणू यांचे चक्र तुटत नाही. मध्ये भोपळ्याच्या कुळातले किंवा कडधान्याचे पीक घेतले तर रान मोकळे होते. पैशाचे म्हणाल तर ढोबळीला खर्च भारी आणि भाव लहरी. चढला तर कर्ज फिटते, पडला तर कॅरेटचे भाडेही सुटत नाही. डांगर श्रीमंत करत नाही, पण ते बुडवतही नाही.

विळ्या-भोपळ्याचे नाते असे आपण म्हणतो. या दोन भाज्यांचे नाते तसे नाही. एक शिजवून खायची, एक कच्ची. एक 'अ' देते, एक 'क'. एक घराची, एक बाजाराची, आणि बाजाराचीने थोडे घरात यावे एवढेच.

त्या दुपारी डोहाळजेवणाच्या पंगतीत डांगराचे घारगे होते, मटकीची उसळ होती, आणि लाल-हिरव्या ढोबळीच्या बारीक फोडी, दाण्याचा कूट आणि लिंबू घालून केलेली कोशिंबीर होती. आजेसासूबाईंनी ती आधी बोटाने चाखली, मग वाटीभर घेतली. "तिखट न्हाय, पर ग्वाड हाय गं," एवढेच म्हणाल्या. मावसबहिणीने घारगे दोनदा मागून घेतले आणि निघताना पदरात बिया बांधून घेतल्या. पोरीने रात्रीची गोळी माझ्यादेखत घेतली.

महिन्याभराने मावसबहिणीचा फोन आला. लेकीचे हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले होते. गोळ्या नेमाने घेतल्याचा तो गुण, हे मी तिला सांगितले. "व्हय, पर ढोबळी पण रोज खाते," ती म्हणाली. मी विचारले, "आणि तू?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "कालपासून दोन नंबरमधली पाव किलो घरात ठेवते. यांनी विचारलं, ही का काढली? म्हटलं, ही पण पारगावलाच जाणार आहे. आपल्या!"